बहात्तर बिल्ल्यांची नाव

किल्लीदारानं आयुष्यात केलेलं सगळ्यात चोख काम कोणाच्याही नजरेला पडलं नव्हतं, आणि त्यात चूक कोणाची असेल तर ती त्याचीच होती.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. दीडशे माणसं होती तिथं. कोणी राजे घडवी, कोणी राक्षस. एक बाई नुसते ढग करायच्या, आणि ढगांबद्दल कोणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे. याच्या वाट्याला दारं आली होती. कुठलं दार कशानं उघडेल, कुठल्या पेटीत काय असेल, पूल कधी खाली येईल, एवढं ठरवायचं. म्हणून सगळे त्याला किल्लीदार म्हणत. त्याचं खरं नाव कंपनीत फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं.

कंपनीचा मोठा खेळ म्हणजे 'सात बुरुज'. तुम्ही एक भटका शिपाई व्हायचं, अख्खं राज्य पालथं घालायचं, वाटेत तलवारी, चिलखतं, मित्र आणि शत्रू जमवायचे आणि शेवटी सातव्या बुरुजावरच्या राक्षसाला लोळवायचं. त्यावर चार वर्षं काम चाललं. शेवटच्या वर्षी राक्षसाची शेपटी भिंतीतून आरपार जायला लागली. ती भिंतीच्या अलीकडे कशी ठेवावी यावर पाच आठवडे खल झाला, आणि तेवढे पाच आठवडे किल्लीदाराच्या हाताला काम उरलं नाही. रिकामटेकडा दिसू नये म्हणून तो कामात असल्यासारखा दिसायला लागला, आणि दिसता दिसता खरोखरच कामाला लागला.

राज्यात एक नदी होती. काठावर एक झोपडी होती, नुसती शोभेची. तिचं दार रंगवलेलं होतं, उघडणारं नव्हतं. किल्लीदारानं त्या दाराला खरं कुलूप लावलं आणि त्यामागे एक छोटा खेळ लपवला. आत एक म्हातारा नावाडी बसलेला. तो तुमच्या हातात वल्हं देतो आणि म्हणतो, "माझे हात थकले. आता तू ने." मग काठावर माणसं येत राहतात: पोट सुटलेला गिरणीवाला, शिडी घेतलेला सुतार, शेळी ओढत आलेली बाई, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ, तान्हं पोर घेतलेली आई, नटूनथटून निघालेली नवरी. कोणाला कुठल्या फळीवर बसवायचं ते तुम्ही ठरवायचं. तोल गेला की नाव बुडते आणि सगळे ओलेचिंब होऊन काठावरून तुमचा उद्धार करतात. बस्स, एवढंच. तलवारीचं कामच नाही.

आता कुलूप म्हटल्यावर किल्ली आली. त्यानं राज्यभर तांब्याचे बहात्तर बिल्ले पेरले, जुन्या काळी नावेत बसायला लागायचे तसे. पुलाखाली, आटलेल्या विहिरीच्या बादलीत, बुजगावण्याच्या खिशात, राणीच्या पलंगामागे. बहात्तरच्या बहात्तर घेऊन झोपडीशी गेलात तरच दार उघडणार. आणि कुठलाही बिल्ला उचलला की पडद्यावर अक्षरं उमटायची: 'जुना बिल्ला. आता याचा काही उपयोग नाही.' हे वाक्य सुचलं त्या दिवशी तो स्वतःवर इतका खूश झाला, की त्यानं कँटीनमध्ये ढगवाल्या बाईंना उगाचच चहा पाजला.

परवानगी त्यानं विचारली नव्हती. विचारली असती तर बैठक झाली असती, आणि बैठक झाली असती तर ती नाव कधी पाण्यात उतरलीच नसती.

खेळ बाजारात आला, लाखो लोकांनी घेतला. त्यांनी बिल्ला उचलला, वाक्य वाचलं, त्यावर मनापासून विश्वास ठेवला आणि बिल्ला समोर दिसेल त्या दुकानदाराला एका नाण्यात विकून टाकला.

सुरुवातीला किल्लीदाराला गंमत वाटत होती. सापडेल की, घाई काय, असं तो स्वतःशी म्हणायचा. नवव्या महिन्यात गंमत संपली. रोज दुपारी जेवणाचा डबा उघडण्याआधी तो फोन उघडायला लागला. इंटरनेटवर 'सात बुरुज' खेळणाऱ्यांचा एक कट्टा होता. तिथं राक्षसाच्या डाव्या पायाला नखं चार की पाच यावरून शेकडो लोक हमरीतुमरीवर आले होते. झोपडीबद्दल अवाक्षर नाही. कंपनीच्या आकडेवारीत कोणी काय काय गोळा केलंय तेही दिसायचं. बिल्ल्यांच्या बाबतीत सगळ्यात पुढचा खेळाडू सतरावर होता, आणि त्यानंही दुसऱ्याच महिन्यात खेळणं सोडलं होतं.

शेवटी न राहवून त्यानं 'वाटसरू' असं नाव घेतलं आणि कट्ट्यावर लिहिलं, 'नदीकाठच्या झोपडीकडे कोणाचं लक्ष गेलंय का?'

'गेलंय. झोपडी आहे,' उत्तर आलं.

'मग दाराला कुलूप का असेल बरं?'

'मालक बाहेरगावी गेला असेल.'

आठवड्यानं त्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. 'ते जुने बिल्ले खरंच निरुपयोगी असतील का हो?'

'हो. तिथंच लिहिलंय. वाचता येत नाही का?'

आणि मग एक जण म्हणाला, 'मी हा खेळ अकरा वेळा संपवलाय. त्या झोपडीत काहीही नाही. बनवणाऱ्यांनी आळस केलाय, नुसतं दार रंगवून ठेवलंय.' त्या दिवशी किल्लीदारानं डबा जसाच्या तसा घरी परत आणला.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. माणसाला काय दिसत नाही हे शोधणं तिचं रोजचंच काम होतं. तिनं डबा उघडून पाहिला आणि विचारलं, तेव्हा त्यानं तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"म्हणजे तू लपवलंस आणि ते कोणाला सापडत नाहीये," ती म्हणाली. "मग झालं की काम! तोंड का पाडून बसलायस?"

"लपवलं ते सापडावं म्हणून."

"मग लपवलंस कशाला?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण बायकोला पटेल असं नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली. मग एका रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला की हॉलच्या पडद्याचा दांडा निखळलाय.

सासूबाई मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बालवर्गाला बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. जावयाला त्या अहोजाहो करायच्या, पण सूर असा की समोरच्यानं आपोआप नखं दाखवायला हात पुढे करावेत. खेळ बाजारात आला तेव्हा कंपनीनं प्रत्येक कर्मचाऱ्याला टीव्हीला जोडून खेळायचा एकेक गेमचा डबा भेट दिला होता, आत 'सात बुरुज' घालून. घरी आधीच दोन होते, म्हणून तिसरा सासूबाईंच्या टीव्हीखाली गेला होता. त्यात जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी चालतात, एवढंच बायकोनं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं आणि हवंही नव्हतं.

किल्लीदार ड्रिल आणि स्क्रूची डबी घेऊन जिना चढला. दार उघडंच होतं.

"या. दोन मिनिटं बसा हं," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तेवढं गिरणीवाल्याला बसवते आणि उठते."

त्यानं टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर नदी होती. नदीवर त्याची नाव होती. नावेत शेळी, शिडी, नवरी, सगळी मंडळी जागच्या जागी बसली होती, आणि सासूबाई चष्मा नाकावर ओढून, हातातल्या कंट्रोलरनं गिरणीवाल्याला मधल्या फळीवर सरकवत होत्या. नाव डुलली, सावरली आणि पलीकडे लागली. ड्रिल त्याच्या पायावर पडायचंच राहिलं.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "हे... हे तुम्ही कसं उघडलंत?"

"उघडलं म्हणजे? झोपडीत गेले. दार ढकललं. म्हातारबाबांनी वल्हं दिलं."

"पण बिल्ले? बहात्तर बिल्ले गोळा केलेत तुम्ही?"

"मोजले नाहीत बाई मी. वाटेत पडलेले दिसले, उचलले. टाकून कसे द्यायचे? कोणाचे तरी असणार."

"विकले नाहीत?"

"दुसऱ्याची वस्तू विकायची?" सासूबाईंनी प्रथमच त्याच्याकडे वळून पाहिलं. वर्गात कोणाच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडल्यावर त्या असंच पाहत असणार.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी त्यांनी सिनेमा लावायला गेल्यावर चुकून खेळ लावला होता. शिपाई रस्त्यात उभा दिसला, म्हणून त्याला फिरवून आणला. रस्ते घाणेरडे होते, जिथं तिथं काहीबाही पडलेलं. ते उचलत उचलत त्या चार महिने हिंडल्या. वाटेत कोणी अंगावर धावून आलं तर त्या सरळ घरात शिरायच्या आणि तो जाईपर्यंत भांडी आवरायच्या. तलवार त्यांनी पहिल्याच गावात देऊन टाकली होती.

"देऊन टाकली?"

"टोपी घेतली त्या बदली. काय ऊन होतं!"

"आणि राक्षस? सातव्या बुरुजावरचा?"

"कुठला राक्षस?" सासूबाई म्हणाल्या.

किल्लीदार सोफ्यावर बसला. पडद्याच्या कोपऱ्यात फेऱ्यांचा आकडा होता: सत्तेचाळीस. न बुडता सत्तेचाळीस फेऱ्या. त्याची स्वतःची धाव नवाच्या पुढे कधी गेली नव्हती. बारा फेऱ्या माणसाला शक्यच नाहीत असं त्याचं ठाम मत होतं.

"ते दोन भाऊ," त्यानं विचारलं, "त्यांना तुम्ही एकाच फळीवर बसवलंत? उठून भांडत नाहीत?"

"भांडणाऱ्यांना लांब बसवलं की ते लांबून खुणा करतात. त्यापेक्षा मध्ये रडकं पोर बसवायचं. दोघंही त्याला गप्प करण्यात गुंततात. बत्तीस वर्षं हेच केलंय मी."

त्याला आठवलं. तान्ह्या पोराच्या शेजारचा माणूस जागचा उठत नाही, असा एक नियम त्यानं कधीतरी दुपारी जेवता जेवता लिहिला होता आणि पार विसरून गेला होता. या बाईंनी तो शोधून काढला होता.

"आई, हा खेळ मी केलाय."

"हो, ठाऊक आहे की. तुमच्या कंपनीचं नाव येतं ना सुरुवातीला."

"तसं नाही. तो बाकीचा सगळा कंपनीनं केला. ही नाव मी केली. एकट्यानं. कोणाला न सांगता."

"अस्सं?" सासूबाईंनी कंट्रोलर खाली ठेवला आणि टीव्हीखालच्या खणातून एक वही काढली. "मग बरंच झालं. मला कोणाला तरी विचारायचंच होतं. त्या सुताराला दर खेपेला शिडी घेऊन कशाला पाठवता? पलीकडे शिड्या मिळत नाहीत? आणि नवरी रोज जाते ती परत कशी येत नाही? लग्न मोडतं का रोज?"

असे चौदा प्रश्न होते. चौदाव्यापर्यंत पडद्याचा दांडा तसाच लोंबकळत राहिला.

त्या दिवशी किल्लीदार इतका हरखला होता, की त्यानं एक चूक केली. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात त्यानं टीव्हीचा फोटो काढला. आधी त्यानं रीतसर विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, "नको. दाखवाल चार लोकांना, आणि मग उगाच गर्दी होईल तिथं." पण तीन वर्षं दाबून ठेवलेलं ते, घरी पोचेपर्यंतही त्याला दम निघाला नाही. जिन्यातच त्यानं 'वाटसरू'च्या नावानं फोटो कट्ट्यावर टाकला: 'झोपडीच्या आत हे आहे.'

कट्टा त्याच्यावर तुटून पडला. फोटो बनावट आहे, जोडकाम आहे, नदीवरच्या ढगाची सावली उलट्या बाजूला पडलीय. सावली खरोखरच उलटी होती, पण तो ढगवाल्या बाईंचा विषय होता. 'उंदीर' नावाच्या एका पठ्ठ्यानं तर विडाच उचलला की वाटसरूचं खोटं उघडं पाडणारच. त्यानं खेळाच्या फायली पोखरायला सुरुवात केली. दोन दिवसांनी त्याला झोपडीचं कुलूप सापडलं, नाव सापडली, नवरीसुद्धा सापडली. तिसऱ्या दिवशी त्यानं एक छोटीशी किल्ली तयार करून सगळ्यांना वाटली. ती चालवली की एकही बिल्ला न उचलता झोपडी थेट उघडत होती.

आठ दिवसांत लाखो लोक नदीकाठी जमा झाले. सतराच्या वर बिल्ले त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हते. किल्लीदार एकीकडे सुखावला आणि दुसरीकडे त्याला आपलं घर कोणीतरी खिडकीतून शिरून पाहतंय असं वाटत राहिलं.

सोमवारी कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. किल्लीदाराच्या खिशात दोन पानी माफीपत्र होतं. 'परवानगीशिवाय', 'अनवधानानं' आणि 'पुन्हा होणार नाही' हे शब्द त्यात दोन-दोनदा आले होते.

"ती नाव," साहेब म्हणाले आणि थांबले. "ती नाव म्हणजे आपल्या कंपनीचं तत्त्वज्ञान आहे. खेळ पुन्हा धडाक्यात खपतोय. वरून अभिनंदन आलंय."

टाळ्या पडल्या. किल्लीदारानं पण वाजवल्या. बैठक संपल्यावर त्यानं साहेबांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"साहेब, ते... नाव मी केली होती."

"आपण सगळ्यांनी केली," साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

त्याच आठवड्यात साहेबांची मुलाखत आली. त्यांचे आजोबा नावाडी होते, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून आपण रोज नदी पार करायचो आणि तेव्हापासून ही कल्पना मनात घोळत होती, असं त्यांनी सांगितलं होतं. कंपनीच्या सहलीला साहेब तळ्याकडे पाठ करून बसले होते आणि कोणी पाणी उडवल्यावर किंचाळले होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण मुलाखत वाचून ढगवाल्या बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. नाव केली किल्लीदारानं, आणि नाव झालं साहेबांचं.

अर्थात साहेब कृतघ्न नव्हते. महिन्याभरात कंपनीत नवा विभाग निघाला आणि किल्लीदार त्याचा मुख्य झाला. जिन्याशी मोठी पाटी लागली: 'गुप्त विभाग', खाली उजवीकडे दाखवणारा बाण. पुढच्या खेळात अकरा लपवलेले खेळ असणार होते, आणि तसं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं जाणार होतं. लोकांची पाहणी केली तेव्हा बहात्तर वस्तू गोळा करणं कोणालाच आवडत नाही असं निघालं. तीन आवडतात. त्याही कुठं आहेत ते बाणानं दाखवलं तर. किल्लीदारानं दोन महिने बसून बाण काढले.

मग साहेबांनी नावेचा विषय काढला.

"पाहणी सांगते, नाव बुडली की खेळणाऱ्याला वाईट वाटतं," ते म्हणाले. "त्याला स्वतःचीच चूक झाल्यासारखं वाटतं."

"पण साहेब, चूक त्याचीच असते ना. आणि बुडायची धास्ती नसेल तर—"

"आपल्याला धास्ती नको. आनंद हवा."

किल्लीदारानं विरोध केला नाही असं नाही. त्यानं ओठ आवळले, मान हलवली आणि 'विचार करून बघतो' म्हटलं. विचार करून त्यानं तेच केलं जे सांगितलं होतं. एका सकाळचं काम होतं. गिरणीवाल्याचं वजन कमी झालं, भावांचं भांडण मिटलं, आणि नाव काही केलं तरी बुडेनाशी झाली. मंगळवारी हा सुधारलेला खेळ इंटरनेटवरून सगळ्यांच्या डब्यांत आपोआप गेला.

सासूबाईंच्या डब्यातही गेला. कारण सासूबाईंना त्यांच्या बाहेरगावच्या बहिणीशी समोरासमोर बोलता यावं म्हणून बायकोनं त्याच आठवड्यात आईकडे इंटरनेट जोडून घेतलं होतं, आणि केबलवाल्यानं हाताला लागेल ते सगळं जोडून टाकलं होतं.

बुधवारी दुपारी फोन आला.

"अहो, नाव बुडत नाहीये."

"हो आई," किल्लीदार म्हणाला.

"मी सगळ्यांना एका बाजूला बसवून पाहिलं. शेळीला शिडीवर बसवलं. तरी जाते आपली सरळ."

"हो आई. आता तसंच केलंय."

"मग मी काय करू तिथं?"

आणि लगेच सासूबाईंनीच विचारलं, "कोणी केलं हे?"

वरून आदेश होता, पाहणी झाली होती, असं बरंच काही सांगण्यासारखं होतं. पण त्या सुरापुढे कोणाला खोटं बोलता आलं असतं! "मीच केलं," तो म्हणाला.

"तू केलंस?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूबाईंनी त्याला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

ते तीन दिवस त्याला कशातच गोडी वाटेना. शुक्रवारी त्यानं बाणांचं काम थांबवून कपाटातून खेळाची सगळ्यात पहिली डिस्क शोधून काढली, सुधारणांच्या आधीची. रविवारी सकाळी बायकोला बरोबर घेऊन तो मागच्या गल्लीत गेला. सासूबाईंनी दार उघडलं, "या" म्हणाल्या आणि लेकीशीच बोलायला लागल्या. तो मुकाट्यानं टीव्हीखाली वाकला. आधी इंटरनेटची वायर काढली, मग डब्यातलं सगळं पुसून जुना खेळ घातला.

"आई, आता पूर्वीसारखी बुडेल," तो गुडघे झटकत म्हणाला. "फक्त एक आहे. पुसताना तुमचे बिल्लेही गेले. झोपडी पुन्हा बंद झालीय. पण एक युक्ती मिळते, ती चालवली की दोन मिनिटांत उघडते. एकही बिल्ला लागत नाही."

"कुलूप फोडायचं म्हणजे?"

"फोडायचं असं नाही, पण..."

"पण काय?"

"फोडायचंच," तो म्हणाला.

सासूबाईंनी कंट्रोलर उचलला आणि त्याच्या हातात दिला. "बसा. माझे डोळे हल्ली लवकर दुखतात. मी सांगते, तुम्ही उचला."

त्या रविवारी त्यांनी सहा बिल्ले गोळा केले. पुढच्या रविवारी नऊ. किल्लीदाराला वाटलं होतं, आपणच लपवलेत, आपल्याला तोंडपाठ असणार. निम्म्याहून अधिक जागा तो विसरला होता. तो घाईघाईनं पुढे धावायचा आणि सासूबाई ओरडायच्या, "मागे या! त्या कोंबडीच्या खुराड्यात बघितलंत का?" खुराड्यात बिल्ला असायचा. एकदा त्यानं चुकून वाट सोडली आणि शिपाई थेट सातव्या बुरुजावर गेला. आभाळ काळवंडलं, संगीत घुमलं, आणि ज्याच्यासाठी दीडशे माणसं चार वर्षं राबली होती तो राक्षस शेपटी आपटत समोर उभा राहिला.

"हा कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"हाच तो, आई. राक्षस."

सासूबाईंनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "केवढा जीव ओतलाय बनवणाऱ्यानं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "चला आता खाली. इथं काही पडलेलं दिसत नाही."

बायको स्वयंपाकघरातून मधूनमधून डोकावून जायची. नवरा आणि आई एकाच सोफ्यावर बसून एका बुजगावण्याचे खिसे तपासताहेत, हे दृश्य तिला तिच्या दुकानातल्या कुठल्याही भिंगातून दिसलं नसतं. सासूबाईंची गाडी पुन्हा अहोजाहोवर आली होती. पण एखादा बिल्ला हुकला की "अरे, बघ ना नीट!" असं तोंडून निसटायचं, आणि ते त्यांनी मागे घेतलं नाही.

दरम्यान कंपनीचा नवा खेळ बाजारात आला. अकराच्या अकरा गुप्त खेळ पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना सापडले. 'अकराच?' अशी कट्ट्यावर तक्रार होती. साहेबांनी ती हेरली आणि पुढच्या खेळासाठी चाळीस मंजूर केले. त्या बैठकीत त्यांनी किल्लीदाराला विचारलं, "तुम्ही काही बोलत नाही?" तो म्हणाला, "साहेब, रविवारी येता येणार नाही, तेवढं बघा." साहेबांना संदर्भ लागला नाही, पण त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

अकराव्या रविवारी शेवटचा बिल्ला मिळाला, राणीच्या पलंगामागे. शिपाई नदीकाठी आला. किल्लीदारानं झोपडीचं दार ढकललं आणि इतक्या वर्षांत, आपल्या हातानं, सगळे बिल्ले देऊन, पहिल्यांदाच आत गेला. म्हाताऱ्यानं वल्हं पुढे केलं. त्यानं कंट्रोलर सासूबाईंकडे दिला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"तुम्हीच खेळा. तुमचाच खेळ ना? बघू तरी."

बायकोही भाजी गॅसवर ठेवून हात पुसत येऊन बसली. पहिली फेरी पार पडली, दुसरी पडली. तिसऱ्या फेरीला दोघं भाऊ आले. किल्लीदारानं मध्ये पोर बसवायचं लक्षात ठेवलं, आणि त्या नादात गिरणीवाल्याला शेवटच्या फळीवर टेकवलं. नावेचं नाक वर उठलं, नवरी घसरली, शेळी घसरली, शिडी सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, आणि नाव गडप झाली. काठावर सगळी वरात निथळत उभी राहून त्याच्या नावानं बोटं मोडायला लागली.

बायको पोट धरून हसली. सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"बुडली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "उठा आता तिथून. आणि माझा चष्मा द्या."

तो उठला आणि त्यानं चष्मा दिला. सासूबाईंनी गिरणीवाल्याला दंडाला धरावं तसं मधल्या फळीवर आणलं, आणि मग जेवायची वेळ होईपर्यंत तिघं मिळून फेऱ्या मोजत राहिले.